तीन बोटं आणि सायकलची घंटी

मुलीला डॅन्यूब नदीकाठच्या एका गावात कॉलेजला प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात शीतयुद्ध सुरू झालं. माझा साफ नकार होता. दुबईच्या अल मनखूलमध्ये वाढलेली पोर. लिंबू संपलं की खालच्या ग्रोसरीला फोन करायचा, एक लिंबू पाचव्या मजल्यावर येतं. ती परदेशात काय राहणार? आपणही परदेशातच राहतो, हे बायकोने लगेच लक्षात आणून दिलं. वर म्हणाली, "अहो, बघून तरी या, मग नाही म्हणा." मग असं ठरलं, की तिघांनी नदीकाठाने सायकलवरून जायचं आणि शेवटी कॉलेजच्या गावी पोचलो की मी निकाल द्यायचा. निकाल मी दुबईहून निघतानाच बॅगेत भरला होता.

सायकल मी शाळेत असताना शेवटची चालवली होती. आता घरापासून शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसापर्यंत गाडी आणि तिथून वर लिफ्ट. पहिल्याच दिवशी सत्तरीच्या एका आजीबाईंनी मला मागे टाकलं आणि जाता जाता हसून रामरामही घातला. त्यांच्या मागच्या टोपलीत कोबी होता. त्यांची सायकल बॅटरीवर चालते हे मला संध्याकाळी कळलं, पण तोवर व्हायचा तो अपमान होऊन गेला होता.

मी दोष शोधत होतो आणि गावं काही दाद देत नव्हती. खिडकीखिडकीत लाल फुलं. एक आजोबा तर अंगणाचं फाटक फडक्याने पुसत होते. रविवारी मात्र माझ्या आशा पल्लवित झाल्या. दुकानं बंद, रस्ते ओस, कुणी मोठा पुढारी गेला की काय असं वाटावं.

"बघ, इथे कोथिंबिरीची काडी मिळायची नाही," मी म्हणालो.

"बाबा, इट्स संडे. पीपल रेस्ट."

पुढच्या सिग्नलला तीन माणसं आणि एक कुत्रा लाल दिवा बघून उभे होते. गाडीचा कुठे पत्ता नव्हता. "बिचारे घाबरून राहतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गावी पोचलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते आणि चहाची तल्लफ अनावर झाली होती. समोर बेकरी दिसली. आता आमच्याकडे दुबईत चहाची रीत अशी, की कॅफेटेरियासमोर गाडी थांबवायची, हॉर्न मारायचा आणि काचेतून बोटं दाखवायची. तेवढे कप खिडकीशी येतात. इतक्या वर्षांत हे अंगवळणी पडलेलं. मी बेकरीसमोर सायकल थांबवली, उतरलो नाही, जोरजोरात घंटी वाजवली आणि तीन बोटं वर केली.

"बाबा, प्लीज, डोन्ट!" मुलगी ओरडली, पण उशीर झाला होता.

आतली अख्खी रांग वळून बघायला लागली. ॲप्रन घातलेली बाई धावत बाहेर आली, तिने माझा हात धरला आणि तिन्ही बोटं एकेक करून वाकवून पाहिली. ती मोडली असं तिला वाटलं होतं. मी "चहा, चहा" म्हणत राहिलो. ते कण्हणं समजून तिने आणखी हळुवार हाताने तपासलं.

मग मुलगी बोलायला लागली. जर्मनमध्ये, धडाधड, माझी नक्कल करत. ती क्लासला जाते हे मला ठाऊक होतं. त्या भाषेत ती माणसांना हसवू शकते हे ठाऊक नव्हतं. बाई पोट धरून हसली आणि आत जाऊन स्वतः ट्रेमधून तीन कप घेऊन आली, थेट सायकलींपाशी. जाताना तिने मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने नकारार्थी मान हलवली आणि कपात बघत राहिली.

"काय म्हणाली गं?"

"नथिंग."

"सांग की."

"शी आस्क्ड, आर युवर पेरेंट्स हिअर टु व्हिजिट यू?"

"मग?"

"आय सेड, नो. आय डोन्ट लिव्ह हिअर."

मला घरातली तिची खोली रिकामी दिसायला लागली आणि इथे, या दारात, पोरगी माणसांना खळखळून हसवताना नुकतीच पाहिली होती. चहा अगदी पांचट होता. मी तो शेवटपर्यंत प्यालो.

"जा, आत जाऊन नीट सांग तिला," मी म्हणालो. "आई-बाबा पुढच्या वर्षी येणार आहेत म्हणावं, मला भेटायला."