दिगूमामाचं रोलर कोस्टर

दिगूमामाला जेवतानाही स्वस्थ बसता यायचं नाही. वाटी, चमचा, लिंबाची फोड मांडून तो रुळांचं नवं वळण दाखवायचा आणि मामी म्हणायची, "आधी भात गिळा. वळण कुठं पळून जात नाही."

बोटीवरची नोकरी सोडून तो रत्नागिरीला परतला, तेव्हा तो आंब्याची बाग घेणार असं सगळ्यांनी धरलं होतं. यानं गणपतीपुळ्याच्या वाटेवर, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, बंद चिरेखाणीत रोलर कोस्टर उभं केलं. पहिल्या उन्हाळ्यात गर्दी लोटली. दुसऱ्या उन्हाळ्यात डबे अर्धे रिकामे धावले. मामा म्हणाला, "भीती एकदाच खपते रे. दुसऱ्यांदा यायला गोष्ट लागते."

मग डब्यांची होडी झाली. पुढे उंच टोकाची नाळ, वर शीड, कातळावर रंगवलेल्या लाटा, बोगद्यात वादळाचा गडगडाट. तरी लोक फोटो काढून निघून जात. मामा रोज काहीतरी वाढवायचा, कधी विजा, कधी पाण्याचे फवारे. मामी चिडायची. "पोटात गोळा आला की झालं! हे सोंग कशाला?" स्वतः मात्र ती कधी बसली नव्हती.

एका दुपारी गिऱ्हाईकच फिरकलं नाही. मामा पान्यानं उगाच नटबोल्ट पिळत होता. मामी पदर खोचून होडीत बसली. "सोडा." उतरली ती थेट मामापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "किती घाई करता हो! घाबरायला माणसाला उसंत नको?"

मामानं वाद घातला नाही, हेच नवल. त्यानं बोगद्यातला सगळा आवाज काढून टाकला आणि उताराआधी होडी काळोखात थांबवायची ठरवली. ब्रेकवर मी असायचो. क्षणभर फक्त शेजारच्याचा श्वास, मग एकदम खाली! लोक उतरून पुन्हा रांगेत लागले. मामाला स्वतःला मात्र तो थांबा सोसवायचा नाही. आतून ओरडायचा, "सोड रे मेल्या, सोड!"

पुढे हृदयाच्या दुखण्यानं त्याचं बसणं बंद झालं. तो बाहेर उभा राहून उतरणाऱ्यांचे चेहरे बघायचा आणि पुटपुटायचा, "हेही जुनं होणार, बघ." त्याच हिवाळ्यात तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर मामीनं सुताराला बोलावून होडीची नाळ उतरवायला सांगितली. मी म्हटलं, "राहू दे ना, मामाची आठवण."

"आठवण घरात ठेवू," ती म्हणाली. "इथं माणसं यायला हवीत. होडीचा हत्ती करू या?"