सायबाचा हात

कुठलीही वस्तू समोर आली की मेस्त आधी तिच्यावर बोटाचं पेर वाजवायचे, मग कान लावायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "पळोवया." पाहू या. फणस असो, नवं दार असो की माझ्या धाकट्याचं डोकं असो, रीत तीच. गोवा घटकराज्य झालं तेव्हा वखारीत कुणी पेढे वाटले. मेस्तांनी पेढा तोंडात टाकला, माझ्या टेबलावर पेर वाजवलं आणि म्हणाले, "पळोवया. वाळवी लागली ना जाल्यार टिकतलें." वाळवी लागली नाही तर टिकेल.

मेस्त म्हणजे आमच्याकडे सुतार. मी डिचोलीला लाकडाच्या वखारीत हिशेबाला होतो, ते लाकूड निवडायला यायचे. घनफुटाचं गणित मी कागदावर करायचो, ते ओंडक्याभोवती एक फेरी मारून आकडा सांगायचे. निम्म्या वेळा त्यांचा आकडा चुकायचा, पण माप पुन्हा घ्यायला लावायचे ते मला. "तुजी फूटपट्टी वांयट, पात्रांव," असं वर ऐकवायचे. मी नोकर माणूस, पण मला ते मालकासारखं पात्रांव म्हणायचे, ते नुसतं चिडवायला.

डिचोलीत ख्रिस्ती घरं थोडी. त्यांतलं एक मेस्तांचं, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. कोकणी की मराठी, हे भाषेचं भांडण पेटलं होतं त्या दिवसांत वखारीत चहाच्या वेळी आवाज चढायचे. मी मराठीच्या बाजूचा. एकदा प्रकरण हातघाईवर आलं तेव्हा मेस्त बशीत चहा ओतत म्हणाले, "आमी पयलीं लातिनांत मागताले, सायब आयकनासलो. आतां कोंकणींत मागतात. तूं मराठींत मागून पळय, पात्रांव. कोण जाणा, ताका तीच कळटा आसत." सायब म्हणजे त्यांचा येशू. भांडणारे दोघेही हसले. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता, आणि माझ्यासारखंच त्या बोलण्यातलं दुखणं तुमच्याही लक्षात आलं नसतं.

ते मला कळलं चर्चमध्ये. एका वर्षी गुड फ्रायडेच्या आधी मेस्तांचा निरोप आला, जुन्या सागवानाचा एक तुकडा चर्चमध्ये आणून दे. मी स्कूटरवरून घेऊन गेलो. मागच्या खोलीत त्यांनी ख्रिस्ताची मूर्ती टेबलावर उताणी निजवली होती. तुमच्यापैकी ज्यांनी गोव्यातला गुड फ्रायडे पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल, त्या दिवशी क्रुसावरची मूर्ती सगळ्यांसमोर खाली उतरवतात. शिडी लावून खिळे काढतात, पसरलेले हात अलगद कुडीजवळ आणतात आणि मग मूर्ती पालखीसारख्या खाटेवर ठेवून मिरवणूक निघते. त्यासाठी मूर्तीच्या खांद्यांत सांधे असतात. आत लाकडी खुंटी, वरून बकऱ्याचं कातडं, त्यावर अंगाचा रंग. ते कातडं दर वर्षी तेल लावून मऊ करावं लागतं, सुकलं असेल तर बदलावं लागतं. हे काम मेस्तांच्या वडिलांकडे होतं, पुढे मेस्तांकडे आलं. शिडीवर चढून खिळे काढायचा मानही त्यांचाच.

"हात वयर कर, सायबा," ते मूर्तीला दटावत होते. "आळस करूं नाका." हात वर उचलून सोडून पाहिला, पुन्हा तेल चोळलं. एखादा न्हावी गिऱ्हाइकाची मान वळवतो तसं चाललं होतं सगळं.

त्या वर्षी मी मुद्दाम पाहायला गेलो. घंटा त्या दिवशी वाजत नाही, लाकडी फळ्यांचा खडखडाट करतात. लाल आंगरखे घातलेली माणसं दोन्ही बाजूंना उभी. मेस्त शिडीवर चढले. पकडीने खिळा काढला, हात सुटला आणि त्यांच्या खांद्यावर टेकला. आणि मेस्त रडायला लागले. शिडीवर उभे, दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी मी न राहवून विचारलं, "मेस्त, तुम्हीच बसवलेला हात. तुम्हीच तेल लावलेलं. मग रडलात कशाला?"

"वजन लागता," ते म्हणाले.

"लाकडाचं वजन एका दिवसात वाढत नाही."

"तें म्हाकाय खबर आसा." मग बराच वेळ रंध्याचं पातं पुसत राहिले. "अजाप जाता, पात्रांव. एक मनीस, आमच्याभशेनच सुतार, खिळे मारतल्यांक माफ कर म्हणटा. म्हजे बोटार हातोडो पडलो जाल्यार हांव बापायक गाळी मारतां. हें अजाप. पूण तो जितो आसा, म्हजें आयकता, हें..." त्यांनी छातीवर पेर वाजवलं. "हांगा पोकळ वाजता. भावार्थ ना."

अजाप म्हणजे नवल, आणि भावार्थ म्हणजे त्यांच्या बोलीत श्रद्धा. मी देवळात जातो, नारळ ठेवतो, देव ऐकतो का याचा विचार करायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

मेस्तीण, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. जाड, बोलकी, हसताना सगळं अंग हलायचं. नाताळात आमच्याकडे दोदोल हे त्यांचं गोड घेऊन यायची, चतुर्थीला आमच्या घरच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन जायची. सायबाशी तिचा संबंध शेजाऱ्यासारखा. कोंबडी हरवली तरी त्याला सांगायची आणि सापडली की त्याचे आभार मानायची. नवऱ्याबद्दल माझ्या बायकोला म्हणायची, "म्हज्या घोवाक सगळें ठोकून पळोवंक जाय गे. सर्गार गेलो जाल्यार दारय ठोकून पळयतलो, सागवान काय शिंवणीचें लांकूड." मेस्त ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तिच्या पोटात गाठ निघाली. पणजीच्या इस्पितळात बरेच दिवस ठेवलं, मग डॉक्टरांनी मेस्तांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खायला द्या. माझ्या बायकोने देवळातला अंगारा नेला. म्हापशाच्या सायबिणीला, म्हणजे तिथल्या मेरीमातेला, तेल वाहून आली. ती आमच्या लईराई देवीची बहीण, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मेस्तिणीने अंगारा कपाळाला लावून घेतला आणि म्हणाली, "भयणी-भयणी उलयतल्यो." बहिणी-बहिणी बोलून घेतील. अंगाची नुसती काडी झाली होती, तरी हसली.

तिची मागणी एकच होती. गुड फ्रायडे जवळ आला होता. "तूं ताच्या कानालागीं आसतलो," ती मेस्तांना म्हणाली. "सगळो गांव सकल आसतलो, तूं एकलोच वयर. खिळो काडटना ताका सांग, म्हजी बायल बरी कर. दुसरें कांय नाका." सगळा गाव खाली, तू एकटाच वर, असं तिचं म्हणणं.

मेस्त हो म्हणेनात. तिने मला बोलावून घेतलं. "तुमी सांगात, भाऊ. तुमचें आयकता तो."

मी संध्याकाळी त्यांच्या कामाच्या पडवीत गेलो. "मेस्त, म्हणून टाका ना. दोन शब्द. तुमचं काय जातं?"

"आंतल्यान किडिल्लो वासो तूं बरो म्हूण विकशी?"

"नाही विकणार."

"मागीर म्हाका कित्याक विकूंक सांगता?"

मी म्हटलं, विश्वास नसेल तर नुसतं तिच्या समाधानासाठी म्हणा. तेव्हा त्यांनी मला आदल्या आयताराचं, म्हणजे रविवारचं, सांगितलं. पाद्रीने प्रवचनात गोष्ट सांगितली होती. येशू आपल्या गावी गेला. गावचे लोक त्याचं बोलणं ऐकून चकित झाले, पण म्हणाले, हा तर आपला सुतार, याची आई-भावंडं आपल्याला ठाऊक. त्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हणून तिथे त्याच्या हातून फारसं काही झालं नाही. थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवला, तेवढंच.

"गांवचे चुकले अशें म्हाका दिसना," मेस्त म्हणाले. "ज्याचो रंधो आपूण पळयला, ताका देव कशें म्हणप? पूण पळय, पात्रांव. तांकां भावार्थ नासलो म्हूण ताचे हात चलले नात. आतां ती मागता, पाद्री मागता, तुजी बायल मागता. सगळ्यांनी मागलें आनी म्हजे खातीर आडलें जाल्यार?"

मी हिशेबाचा माणूस. मला यातली विसंगती लगेच दिसली. "मेस्त, तो ऐकतच नाही असं तुम्ही म्हणता. मग तुमच्यामुळे अडेल ही भीती कशाची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेंच म्हाका कळना," म्हणाले. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसते थकलेले दिसत होते. मी मेस्तिणीला जाऊन सांगितलं की बोललो आहे. ते खोटं नव्हतं, आणि त्याने काही झालंही नव्हतं.

गुड फ्रायडेला तिला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये आणलं. पुढच्या रांगेच्या कडेला खुर्ची ठेवली. मी आणि बायको बाजूच्या दारात उभे होतो. मेस्त शिडीवर चढले. काट्यांचा मुकुट काढून खाली दिला. डावा हात सुटला, अलगद खाली आला. मग उजव्या हाताचा खिळा काढला, आणि तो हात खाली आलाच नाही. तो आडवा फिरला आणि मेस्तांच्या मानेवर पडला, मागून वेढा घातल्यासारखा. मूर्तीचं डोकं झुकलेलंच होतं, ते त्यांच्या गालाला लागलं. मेस्त हलेनात. शिडीवर तसेच, गाल लाकडाला लावून.

चर्चमध्ये बायकांचा एकच आवाज, "मिलाग्र! मिलाग्र!" चमत्कार. लाल आंगरख्यातला एक म्हातारा गुडघ्यांवर बसला. माझ्या बायकोने हात जोडले. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला. मी मेस्तिणीकडे पाहिलं. ती खुर्चीत ताठ बसली होती आणि हसत होती, पूर्वीसारखी, सगळं अंग हलवून.

मिरवणूक गेल्यावर मेस्त मला चर्चच्या मागे गाठून म्हणाले, "कातडें." एका हाताने मान चोळत होते. "ह्या वर्सा बदललें ना. तेलय लायलें ना. तिच्या उशाकडे बसून आसलों न्हय? म्हटलें, गेल्या वर्साचें चलतलें. सुकून फाटलें तें. खुंटी सुटली. हांव हाललों आसतों जाल्यार हात तुटून सकल पडटलो आसलो. म्हूण धरून रावलों."

"आणि मागितलंत?"

"मागपाक शुद्द खंय आसली?"

घरी मेस्तीण वाट पाहत होती. तिने वाटी भरून पेज घेतली, महिन्यात पहिल्यांदा. आल्यागेल्याला सांगत होती, सायबाने म्हज्या घोवाक पोटाशीं धरलो, आतां म्हाका भंय ना. मेस्त दाराशी उभे राहून ऐकत होते. मला बाहेर नेऊन विचारलं, "सांगूं?"

फटकळ म्हणून माझी ख्याती आहे. वखारीत मालकालाही मी तोंडावर सांगतो. पण मला हो म्हणता आलं नाही आणि नकोही म्हणता आलं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं, हे मी अजून अनेकांना विचारतो. कुणी सरळ उत्तर देत नाही.

ती बरी झाली नाही. पाऊस लागायच्या आधी गेली. शेवटपर्यंत तिला वाटत होतं की उतार पडतो आहे. मेस्तांनी सांगितलं नव्हतं.

पुरून आल्यावर आम्ही दोघं पडवीत बसलो. ते म्हणाले, "आतां तिका थंय कोणें तरी सांगलें आसतलें. कातड्याचें."

"थंय म्हणजे कुठे, मेस्त?"

मेस्तांनी उठून रंधा हातात घेतला.

मला वाटलं होतं, मेस्तीण गेल्यावर लोक ते मिलाग्र विसरतील. उलटच झालं. पेडण्याकडून, वाळपईकडून माणसं यायला लागली. सायबाने ज्याला मिठी मारली तो सुतार कुठे राहतो, असं वखारीत येऊन विचारायची. काही आमच्यातली, काही त्यांच्यातली. तिच्या मरणाचं कुणी विचारत नसे. कुणी विचारलंच तर दुसरा सांगायचा, ती सुखाने गेली ना, ते काय कमी? मेस्त मागच्या दाराने निघून जायचे. पडवीला कुलूप लावायचे. माणसं बाहेर बसून राहायची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एका सकाळी. पुढे थोड्याच दिवसांनी ते मुंबईला मुलीकडे गेले, परत आले नाहीत. मी सागाच्या चिरलेल्या फळ्या पोचवायला गेलो होतो. मेस्त रंधा मारत होते. चोपड्याकडची एक बाई पायरीवर उभी होती, पदराखाली तापाने मलूल झालेलं मूल. ती कधीची बोलत होती कोण जाणे.

मेस्तांनी रंधा बाजूला ठेवला. "बाये, आयक," ते म्हणाले. "तें कातडें आसलें. सुकिल्लें कातडें. फाटलें म्हूण हात पडलो. कितें समजलें?"

"समजलें, मेस्तानू," बाई म्हणाली. "पूण तुमी हात दवरात." ठेवा हात.

मेस्तांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फळ्या खाली ठेवल्या. मूल कण्हलं. मेस्तांनी दोन्ही हात पँटीला पुसले, भुसा झटकला, पुन्हा पुसले. मग उजवा हात त्या पोराच्या कपाळावर ठेवला आणि तसाच ठेवून ते उभे राहिले.