डाव्या कोपरावरचं ओझं

काम कुठल्या हाताने करता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गणूने उजवा हात पुढे केला. जेवतो उजव्याने, कोयता धरतो उजव्याने. दुसरं काय सांगणार? म्हणून डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडली ती डाव्या हातात. त्या हातावर वजन घ्यायचं नाही, दोरी बांधायची नाही, असं नर्सने नंतर बजावलं. तेव्हा त्याला चूक कळली. मासे धरायचा पाग उजव्या हाताने फेकतात खरं, पण फेकण्याआधी त्या ओल्या जाळ्याचं ओझं डाव्या कोपरावर असतं आणि दोरी डाव्या मनगटाला.

पाग पडवीत खुंटीला लागला. होडी आधीच विकली होती. डायलिसिसचा खर्च सरकारी योजनेतून होई. पण गव्हाणहून पनवेलची रिक्षा, इंजेक्शनं आणि सोबत जाणाऱ्या बायकोचे, हौसाचे खाडे कोणत्याच योजनेत नव्हते. ती उलव्याला भांडी घासायची. खाडे वाढले तशी कामं सुटली. घरात मासळी विकत येऊ लागली. गणू ती खाली बघून खायचा.

पाणी त्याला घोटाघोटाने मिळे. तहान सोसायला तो शिकला. खाडीची ओढ मात्र सोसवेना. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहावं, पाग गोल उघडावा, शिशाच्या गोळ्या एकदमच पाण्यावर पडाव्यात.

शेजारच्या बाळूने पाग विकत मागितला. गणू म्हणाला, सकाळी ने. मग हौसाला म्हणाला, देण्याआधी एकदा भिजवू.

सकाळच्या ओहोटीला दोघं खाडीत उतरली. पाग हौसाच्या डोक्यावर होता. गणूने डावा कोपर वाकवून पुढे केला.

"ठेव गो. एकदाच."

"त्या हातावर तुमी जगता," हौसा म्हणाली. "नाय ठेवनार."

तिने पदर खोचला आणि पाग स्वतःच्या कोपरावर घेतला. "सांगा, कसा धरू?"

दोरी मनगटाला, एक गोळी दातात, जाळ्याचा अर्धा घेर उजव्या हातात, फेकताना कंबर फिरव. गणूने सगळं सांगितलं. पाग गोळा होऊन पडला.

"पोतं टाकलंस."

"मंग उद्या पोतीच विकू."

पुन्हा. कंबर उशिरा फिरली. पुन्हा. दातातली गोळी लवकर सुटली. गणूने एकही चूक सोडली नाही, तिनेही पाग खाली ठेवला नाही. कितीतरी वेळा फेकल्यावर कुठे तो अर्धा उघडला. ओढला तर आत एक बोईट मासा, वीतभर.

बाळू बांधावर येऊन उभा होता. पाग विकायचा नाय, असं गणूने त्याला तिथूनच सांगितलं.

हौसा बोईट पदरात बांधत होती. तिने वर पाहिलं. गणूचा डावा कोपर अजून तसाच वाकलेला, छातीपाशी वर उचललेला होता.

"अवं, हात खाली करा. दुखंल."

"करतो," तो म्हणाला, आणि पाण्याकडे बघत तसाच उभा राहिला.