मास्तरांची कात्री आणि झिनिया

शिंप्याच्या बायकोला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची, पण तिनं आयुष्यात एक इयत्ताही शिकवली नव्हती. नवरा कपडे बेतणारा म्हणून मास्तर. तिच्याकडे काज, हूक आणि नवऱ्याची समजूत काढणं. लग्न होऊन आल्यापासून दुकानात तिला कशालाही हात लावायची मुभा होती. फक्त मोठी कात्री सोडून. "ती कापडाची आहे," मास्तर म्हणायचे. कागद कापला तरी धार जाते, असा त्यांचा सिद्धांत.

यंदा दुकानासमोरच्या मातीच्या पट्टीत तिनं झिनियाचं बी पेरलं. पट्टी घरमालकीणबाईंची, आणि त्यांना तिथं जावयाची स्कूटर उभी करायची होती.

"जावई येईपर्यंत फुलांनी भरली तर राहू दे. नाहीतर सगळं उपटायचं," त्यांनी बजावलं.

"भरणारच! स्कूटरला आत्तापासून दुसरी जागा बघा." मास्तरीणबाईंचा आत्मविश्वासच असा, की पाहुण्याला भूक आहे की नाही हेसुद्धा त्याच ठरवायच्या.

रोपं वाढली, पण काठीसारखी सरळसोट. टोकाला एकेक कळी आणि मधे नुसती माती. मास्तर मात्र कळ्यांवरच खूश. तिला गेल्या वर्षीची शेळी आठवत होती. शेळीनं कुंडीतल्या एका झिनियाचा शेंडा खाल्ला, शिव्या खाल्ल्या आणि गेली. पुढे तेच रोप चहूअंगांनी फुटून डवरलं.

"शेंडे छाटायचे," तिनं जाहीर केलं.

"कळ्यांसकट? अगं, कुणाच्या सल्ल्यानं?"

"शेळीच्या."

दुपारी मास्तर आडवे झाले. तिनं नखांनी खुडून पाहिलं, तर देठ चिवट; रोपच मुळापासून हलायला लागलं. मग तिनं सरळ मोठी कात्री उचलली. कच, कच, कच! मास्तर डोळे चोळत बाहेर आले तेव्हा पट्टीत मुंडकी उडालेली रोपं होती आणि कात्रीला हिरवा चीक. त्यांनी आधी कात्री हिसकावून घेतली.

वरच्या मजल्यावरून मालकीणबाई हसल्या, "चला, स्कूटरची सोय झाली!"

"हसून घ्या," मास्तरीण म्हणाली, "नंतर फुलं मागायला याल."

पुढे बरेच दिवस मास्तर घरात हो-नाही एवढंच बोलत होते आणि कात्री त्यांच्या उशाखाली झोपत होती. ती मात्र गुणगुणत पाणी घालायची. प्रत्येक खुंटाला पानांच्या बगलेतून दोन-दोन फुटवे आले, त्यांना कळ्या आल्या, आणि जावई आला तेव्हा लाल, केशरी, गुलाबी गर्दीत माती दिसायला तयार नव्हती. बिचाऱ्यानं स्कूटर निमूटपणे मागच्या बाजूला नेली.

मालकीणबाई खाली उतरल्या. "राहू दे गं बाई पट्टी तुलाच. पण चार फुलं दे की."

तिकडे दुकानात मास्तर गिऱ्हाइकाला सांगत होते, "योग्य जागी कापलं की फिटिंग आपोआप येतं. आमच्या हातातच आहे ते."

मास्तरीणबाईंनी त्यांच्यापुढे हात पसरला.

"काय?"

"तो हात राहू दे. कात्री द्या. फुलं कापू तितकी फुटतात."

मास्तर घुटमळले. मग पाती सदऱ्याला पुसून त्यांनी कात्री तिच्या हातात ठेवली.

"कागद मात्र कापायचा नाही हं!"