रसग्रहण

वाचनालयात समोर बसलेल्या बाईंनी एक कविता वाचली, पुस्तक मिटलं आणि त्या कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला त्यांचा हेवा वाटला.

मी आयुष्यभर दहावीला कविता शिकवली. रसग्रहणाचे मुद्दे मुलांकडून घोकून घेतले. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने तिच्या गेलेल्या आईवर लिहिलेली कविता मला वाचायला दिली. 'दार नुसतं लोटून ठेवावं तशी आई गेली,' या ओळीखाली मी सवयीने रेघ मारली आणि समासात लिहिलं, उपमा.

"किती मार्क पडले, बाबा?" असं म्हणत तिने कागद काढून घेतला. त्यानंतर तिने मला काहीच दाखवलेलं नाही.

आता मी कवितासंग्रह घरी नेतो, सावकाश वाचतो. आधी अलंकार दिसतो आणि मग काहीच दिसत नाही.