बघ्या बाईंनी पाहिलं ते

आमच्या भागातल्या बालवाडीच्या बाई नव्या मुलाला पहिले आठ दिवस काही म्हणजे काही शिकवत नसत. दाराशी पाट टाकून बसत आणि नुसत्या बघत. कोण चप्पल काढताना आईचा पदर धरतं, कोण दुसऱ्याच्या हातातलं ओढून घेतं, कोण पडल्यावर आधी इकडंतिकडं बघून मग रडतं. पालक पाठीमागे त्यांना 'बघ्या बाई' म्हणत. फुकटचा पगार खातात, असंही म्हणत. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. मी कचेरीत कारकून होतो, आणि काम म्हणजे कागद काळे करणं एवढंच मला ठाऊक होतं.

दुष्काळ सरून वर्ष झालं असेल. माझी उमा साडेतीन वर्षांची झाली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. दिसायला गोड, कधी काही मागणं नाही, कुणाच्या कडेवर जायचा हट्ट नाही. शेजारणी म्हणायच्या, "लई गुणी पोरगी." तासन्‌तास ती चपला एका ओळीत मांडत बसे आणि त्यातली एक कुणी हलवली की घर डोक्यावर घेई. आम्हाला तेही टापटिपीचंच लक्षण वाटे.

ती बोलत का नाही, याचा शोध मात्र मी लावून ठेवला होता. माझी बायको महादेवी अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. मराठी तिला बाजारापुरती येई. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "दोन भाषांत पोर गोंधळलंय. एक बंद करा." मला ते लगेच पटलं. मुलांची मराठी शाळेसाठी पक्की व्हावी म्हणून घरातली कानडी बंद करायची, ही आमच्या भागातल्या शिकलेल्या घरांची रीतच होती. मी महादेवीला बजावलं, पोरीशी कानडीत एक अक्षर बोलायचं नाही. तोवर ती उमाला न्हाऊ घालताना अखंड काहीतरी सांगत असायची, "बा इल्ली, बा इल्ली," इकडं ये, इकडं ये, म्हणत घरभर तिच्यामागे फिरायची. दुसऱ्या दिवसापासून ती मुकाट्यानं पाणी ओतू लागली. घरात एक मुकी होती, तिथं मी दोन केल्या.

उमाकडे बाईंनी आठ नव्हे, पंधरा दिवस बघितलं. मग एका सकाळी मला थांबवून घेतलं. "उमाचे अप्पा, पोरगी बहिरी न्हाय. गिरणीचा भोंगा झाला की कानावर हात ठेवती. डब्याचं झाकण वाजलं की वळती. पन 'उमा' म्हनलं की वळत न्हाय."

मी भाषेचं कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, "भाषा आली न्हाय तर लेकरू बोट दाखवतं की! बोटाला कुटली आलीय कानडी आन् मराठी? हिला पानी पायजे असलं की माझा हात धरून माठावर नेऊन ठेवती. माझ्या तोंडाकडं बघत न्हाय. हाताकडं बघती."

मी घरी येऊन आठवून पाहिलं. चांदोबा, कुत्रा, फुगेवाला, कशाकडंही उमानं आजवर बोट केलं नव्हतं. हे मला स्वच्छ दिसलं, आणि दिसलं म्हणूनच बाईंचा संताप आला.

बोलावून पालक आले नाहीत तर बाई सरळ घर गाठत. मी दोनदा टाळल्यावर एका रविवारी त्या आमच्याकडे आल्या. नेमके हेडक्लार्क चहाला बसलेले. बाईंनी त्यांची पर्वा केली नाही. "पुन्या-मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. ह्याला काय म्हनत्यात मला ठाऊक न्हाय, मी सातवी शिकलेली बाई. पन माझ्या भावाचं पोरगं असंच होतं. बोलंल, बोलंल म्हनत आमी बसून ऱ्हायलो आन् त्याची शिकायची वर्सं निघून गेली."

"पाहुण्यांसमोर माझ्या मुलीला वेडी ठरवताय?" मी ओरडलो.

"वेडी कोन म्हनलं? येगळी हाय. म्हनून येगळं शिकवाया लागंल." जाताना दाराआड उभ्या असलेल्या महादेवीकडे बघून त्या म्हणाल्या, "आन् आईला बोलू द्या. कुटल्या बी भाषेत. आईचं तोंड बंद करून पोरगी बोलायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतच बालवाडीच्या चिटणीसांना अर्ज लिहिला. 'सदर बाई निरोगी बालकांस वेडे ठरवून पालकांत घबराट पसरवितात.' माझं अक्षर सुरेख होतं. आणखी तीन पालकांच्या सह्या घेतल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंना येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. त्या सामान घेऊन आमच्या दारावरून गेल्या, तेव्हा मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. पुढं उमासाठी वेखंड झालं, अंगारे झाले, जिभेखालची शीर कापून झाली. सांगायला लाज वाटते, मारूनही झालं.

उमा नऊ वर्षांची असताना मुंबईच्या एका डॉक्टरांनी या सगळ्याला नाव दिलं, ऑटिझम. त्यांचे प्रश्न मला ओळखीचे होते. लहानपणी हाक मारल्यावर वळत होती का? बोट दाखवत होती का? तोंडाकडं बघत होती का? घरातल्या दोन भाषांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, असं ते म्हणाले. "लवकर आणली असती तर बरंच शिकवता आलं असतं," असंही म्हणाले. मी 'कुणी सांगितलंच नाही' म्हणालो. शेजारी महादेवी बसली होती. तिनं मान खाली घातली.

बाई कुर्डुवाडीला भावाकडे राहतात, असं कळलं. मी गेलो. माफीचं वाक्य गाडीत जुळवून ठेवलं होतं, पण त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही. "ते जाऊ द्या. पोरगी कशी हाय?" मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई बोलती का आता तिच्याशी?"

मुंबईहून परतल्यावर मी महादेवीला म्हटलं होतं, बोल आता, हवं तेवढं कानडी बोल. तिनं नुसती मान हलवली आणि उमाला घास भरवत राहिली. तोंडातून शब्द नाही. तिची सवयच मोडली होती, आणि ती मी मोडली होती.

"बोलते की," मी बाईंना म्हणालो.

"मग लई बरं झालं बघा," म्हणून बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्या अर्जाबद्दल एखादे वेळी मी स्वतःला माफ करेनही, पण त्या हसण्याबद्दल नाही.