द्रोणातलं रक्त

"बोट वाटीवर नको आनू. द्रोणवर धर."

नाना एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. पितळी वाटी त्यांनी माझ्यापासून वीतभर मागं ओढली. लोटननं पळसाच्या पानाचा एक द्रोण पायानं माझ्याकडं सरकवला. लोटन म्हणजे नानांचा धाकटा मुलगा. माझ्याच वयाचा.

भरदुपार होती. होळी जवळ आली होती. घरामागच्या खळ्यात, निंबाच्या सावलीत आम्ही बसलो होतो. म्हणजे ते बसले होते. मी उकिडवा होतो, सावली संपते तिथं.

वाटीत मोहाची दारू. तीत घरच्या प्रत्येकानं बोट चिरून आपला थेंब टाकलेला. माझ्याबरोबर त्या दिवशी नानांचा भाचाही घरात येणार होता. त्याचा हात नानांनी स्वतःच्या मांडीवर घेतला, बोट हळूच चिरलं, थेंब वाटीत पडू दिला. मग वाटी फिरली. याच्या तोंडाची त्याच्या तोंडाला. कुणी कड पुसली नाही. शेवटी नानांनी भाच्याच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला आणि म्हणाले, "आते तू घरना."

मग मी. चाकू लोटननं मातीत टाकला. तो मी उचलला. माझं बोट मीच चिरलं. रक्त द्रोणात पडलं. नाना म्हणाले, "ओंजळ कर." केली. वाटीत उरलेली दारू त्यांनी उंचावरून ओतली आणि त्या सगळ्यांचं रक्त मी प्यालो. मीठही वरूनच पडलं. ओल्या तळहातावर.

माझ्या द्रोणाचं काय झालं? लोटननं तो निंबाच्या बुंध्याशी उपडा केला. एक कोंबडी धावत आली आणि ओल्या मातीत चोच मारायला लागली.

"ल्या," लोटन म्हणाला, "कोंबडी व्हयनी घरनी."

सगळे हसले. मीही हसलो.

आता हे 'घर' म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. नानांचं गाव तळोद्याच्या खालच्या अंगाला. शेती मोठी, बैल मोठे, ओटा मोठा. पण नानांचा खरा धंदा अफूचा. सातपुड्यापलीकडच्या संस्थानांतून अफू यायची, डोंगरवाटांनी मोलगीकडून खाली उतरायची. मग मिरचीच्या पोत्यांत दडून प्रकाशा गावच्या नावेनं तापी ओलांडायची आणि नंदुरबारला रेल्वेत चढायची. या धंद्यातली माणसं स्वतःला टोळी म्हणत नसत. घर म्हणत. नात्याचे, बिननात्याचे, दोनचार गावांत पसरलेले. ज्याला घरात घ्यायचं त्याचं रक्त वाटीत पडायचं. आणि घराचा कायदा एकच. नाना तो दर वेळी म्हणून दाखवत: "ज्यानं रगत पोटमा, त्यानं नाव व्हटवर नही." ज्याचं रक्त पोटात, त्याचं नाव ओठावर येता कामा नये.

घरातला माणूस पकडला गेला तर त्याच्या बायकापोरांना घर पोसायचं. नानांचा चुलतभाऊ तुरुंगात होता तेव्हा त्याच्या दारी ज्वारीचं पोतं जायचं. ते मीच पाठीवरून नेलं आहे. म्हणून मला घरात यायचं होतं. माझं दुसरं कोण होतं?

मी नगरकडचा. महार. तिसरीत शाळा सुटली, बाप वारला, आणि चुलत्यानं रेल्वेच्या खडीकामावर धाडलं. असा कामामागं काम करत खानदेशात आलो. नंदुरबारला हिवतापानं पाडलं. मुकादम टोळी घेऊन पुढं गेला. मी मालधक्क्यावर पडून. माझी भाषा तिथं कुणाला धड कळेना, त्यांची मला कळेना. नाना मिरची चढवायला आले होते. परतीच्या रिकाम्या गाडीत त्यांनी मला टाकलं. गोठ्याच्या कोपऱ्यात जागा दिली. हिवतापावरचं कोयनेल आणवून दिलं. मी वाचलो. त्या माणसानं मला मरू दिलं नाही. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

पण उपकाराची एक भीती असते. ती सांगता येत नाही. मी सकाळी उठलो की आधी नानांच्या तोंडाकडं बघायचो. आज चेहरा कसा आहे? काल आपलं काही चुकलं का? बैलाला पेंढी कमी पडली का? दक्षिणेकडचा म्हणून मला सगळे 'दखन्या' म्हणत. दखन्या, पानी आन. दखन्या, बाजूला व्हय. नानांच्या बायकोला आम्ही सगळे माय म्हणायचो. तीसुद्धा भाकर वरूनच टाकायची, पण हळू टाकायची. त्या हळूपणाचंही मला ओझं वाटायचं.

म्हणून त्या दुपारी मी हसलो. म्हटलं, वेगळी का होईना, आपली पानपत्रावळ मांडली ना. घरात घेतलं ना. अजून काय पाहिजे?

माझ्या आधी आणखी एकाचं रक्त द्रोणात पडलं होतं. खेमाचं. खेमा मोलगीकडचा भिल्ल. डोंगरातली प्रत्येक पाऊलवाट त्याच्या पायांना पाठ. मी गोठ्यात बरा होत होतो त्याच दिवसांत नानांच्या थोरल्या मुलाची पोती पकडली गेली, आणि ती आपलीच आहेत असं सांगून खेमा धुळ्याच्या तुरुंगात गेला. हसत गेला, असं लोक सांगत. घरचा ना तो.

श्रावणात त्याची बायको आली. डोंगर उतरून, कडेवर पोर घेऊन, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली. कुंपणाशी उभी राहिली. तिची बोली मला कळत नव्हती. एकच शब्द कळत होता, खेमा. तो ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि रिकामं फडकं पुढं करत होती.

नाना ओट्यावर सुपारी कातरत होते. म्हणाले, "कोन खेमा?"

मला वाटलं, विसरले असतील. वय झालंय. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात लोटन आतून म्हणाला, "त्यानं रगत कोनी पियेल शे?"

म्हणजे, त्याचं रक्त प्यालंय कोण?

तिला ते कळलं नाही. मला कळलं.

ती वळली. मी मागून गेलो. कमरेला बांधलेली माझी भाकर तिच्या फडक्यात टाकली. वरून टाकली. हातभर उंचीवरून. माझ्याच हातानं. तिनं भाकरीकडं पाहिलं नाही, माझ्या हाताकडं पाहिलं. मग निघून गेली.

तेव्हापासून मला चैन पडेना. औत हाकताना, शेण भरताना, विहिरीपासून लांब उभा राहून कुणी पाणी वाढेल म्हणून वाट बघताना एकच गोष्ट डोक्यात फिरायची. त्यांचं रक्त माझ्या पोटात आहे. म्हणून मी त्यांचं नाव घ्यायचं नाही. आणि माझं रक्त? ते कोंबडीच्या पोटात. म्हणजे माझं नाव फक्त कोंबडीनं घ्यायचं नाही. बाकी सगळ्यांना मोकळीक. मी त्यांचा बांधील होतो, ते माझे कुणीच नव्हते. आणि हे चुकून झालं नव्हतं. नानांनी वाटी मागं ओढली होती ना. हिशेबानं ओढली होती. नुसता विटाळ नव्हता तो. विटाळाच्या आडून केलेली सोय होती.

तरी मी पळालो नाही. कुठं पळणार?

भाद्रपदात प्रकाशाला लोटननं घोळ केला. मिरचीच्या पोत्यात अफू का घालतात, तर शिपायानं पोतं उघडलं की ठसका बसतो. डोळे पुसत तो म्हणतो, जा. पण भरल्या पावसात लोटननं गाडीवर ताडपत्री नीट टाकली नाही. पोती भिजली. भिजलेली मिरची नाकात जात नाही. एवढं साधं. नावेच्या उतारावर शिपायानं निवांत कोपरापर्यंत हात घातला आणि अफूचा गोळा बाहेर काढला. लोटन देवळाला आलेल्या लोकांच्या गर्दीत शिरून पळाला. गाडी राहिली. बैल राहिले. त्या बैलांना पंचक्रोशी ओळखत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला हाक मारली. ओट्यावर एकटेच सुपारी कातरत होते.

"ये, दखन्या. बस." आणि मग, "वर बस."

ओट्यावर मी कधी पाय ठेवला नव्हता. कडेला टेकलो. दगड गार होता.

"फौजदारसंगे बोलनं व्हयनं," नाना म्हणाले. "एक मानूस देवा लागी. तू इतलंच सांग, गाडीवर मी व्हतू. दोनेक वरीसनी गोट शे. लोटननं लगीन ठरेल शे, तुले माहीत शे."

मी गोठ्याकडं पाहिलं.

"तू घरनाच ना?" नाना म्हणाले. किती मायेनं म्हणाले.

खरं सांगतो, 'हो' माझ्या ओठापर्यंत आलं होतं. मालधक्का आठवला. कोयनेलचा कडूपणा आठवला. दोन वर्षं तर दोन वर्षं. जीव यांनीच दिलाय. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"जाईन, नाना. पण आधी माझं रक्त प्या."

नानांचा अडकित्ता थांबला.

"काय म्हनस तू?"

"घरचा म्हणता ना? मग वाटी आणा. खेमाचं राहिलं ते राहिलं. माझं प्या. तुम्ही एक घोट घ्या, मी आत्ता फौजदारापुढं उभा राहतो."

लोटन माजघरात लपलेला होता. तिथून म्हणाला, "याले माज चढना."

माझ्या कमरेला विळा होता. मी बोटावर ओढला. जास्तच कापलं गेलं. रक्त ओट्यावर ठिबकायला लागलं. तेवढ्यात माय दारात आली. तिच्या हातात ती पितळी वाटी होती, तळाला थोडं पाणी. तिनं ती माझ्यापुढं ठेवली. टाकली नाही, सरकवली नाही. ठेवली. कुणाला काही म्हणाली नाही. परत आत गेली.

मी वाटीवर बोट धरलं. पाणी लाल झालं.

"घ्या, नाना."

नानांनी वाटी उचलली. खरंच उचलली. मला वाटलं, पितात. आणि ते प्याले तर मला जावं लागणार, हेही त्याच क्षणी वाटलं. वाटी छातीपर्यंत आली. तिथून वर गेली नाही. नानांच्या तोंडाकडं मी रोज बघत आलो होतो. ते तोंड मला पाठ होतं. त्यावर राग नव्हता. किळस होती. मुलगा तुरुंगात जाईल हे त्यांना दिसत होतं, त्यांचा जीव होता त्याच्यावर, तरी ओठ उघडले नाहीत. पोराच्या सुटकेपेक्षा माझं एक थेंब रक्त त्यांना जड झालं.

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"हाई नही जमाव, भो," ते म्हणाले.

भो म्हणाले. भाऊ. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"मग मलाही जमणार नाही," मी म्हणालो.

लोटन बाहेर आला. "आमनं मीठ खादं तू."

"खाल्लं. त्याचं काम केलं. तुझा तुरुंग त्या मिठात नव्हता."

"तापीमा फेकी देसू तुले."

"फेक," मी म्हणालो. पण आवाज बारीक निघाला. मला भीती वाटत होती. भीती गेली नाही, हे मुद्दाम सांगतो. लोकांना वाटतं असं बोलणारा माणूस निर्भय असतो. माझं धोतर घामानं भिजलं होतं. मी ओट्यावरून उतरलो ते पुढच्या वाटेनं उतरलो, गोठ्याकडं वळलो नाही. माझं घोंगडं तिथंच राहिलं.

तळोद्याच्या वाटेवर मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मी ज्वारीत शिरायचो. गाडी गेली की पुन्हा रस्ता. फौजदाराकडं जाऊन उपयोग नव्हता, तो नानांच्या ओट्यावर जेवणारा. मी मामलेदार कचेरीत गेलो. पट्टेवाल्यानं पायरीखाली उभं केलं. उभा राहिलो. ऊन चढलं, उतरायला लागलं. कुठल्याही क्षणी लोटन येईल असं वाटत होतं. दोनदा निघालो आणि दोनदा परत येऊन उभा राहिलो.

शेवटी मामलेदार बाहेर आले. मी जे होतं ते सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा मला नीट पाहिलं.

"अरे, तू स्वतःलाच अडकवतो आहेस. तूही पोती वाहिलीस म्हणतोस. सजा होईल. कळतं का तुला?"

"कळतं, रावसाहेब."

"मग कशाला आलास?"

मी म्हणालो, "मी वाहिली तेवढी पोती माझ्या अंगावर घाला. ती सजा मी भोगीन. लोटनची लोटनच्या अंगावर घाला. आणि धुळ्याला खेमा बसलाय, तो ज्या पोत्यांसाठी बसलाय ती त्याची नाहीत. ती कुणाची, ते मला माहीत आहे."

कारकून दौत घेऊन बसला. म्हणाला, नाव सांग.

मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. गाव सांगितलं, जात सांगितली. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून की काय, ते पुटपुटल्यासारखं निघालं आणि कारकुनाला दोनदा विचारावं लागलं. मग मी नानांचं नाव सांगितलं. थोरल्याचं. लोटनचं. भाच्याचं. ज्यांचं ज्यांचं रक्त माझ्या पोटात होतं त्या सगळ्यांची नावं घेतली, एकेक, सावकाश, त्याला लिहिता येईल अशी. त्यातलं एकही नाव कारकुनाला दोनदा विचारावं लागलं नाही.

मला सजा झाली. माझ्या पोत्यांची झाली. ती भोगताना आत आणि सुटल्यावर बाहेर, दोन्हीकडं लोकांनी मला नमकहराम म्हटलं. म्हणोत. उद्या पुन्हा कुणी पायरीखाली उभं करून विचारलं, तर पुन्हा सांगीन. आधी माझं नाव, मग त्यांची. एकही गाळणार नाही.